लोखंडी कपाटाजवळ आकडा का वाढला?

"काका, जरा वर येता का? काहीतरी दाखवायचंय," जिन्यातून हाक आली. हाक मारणारी वरच्या मजल्यावरची सून. सातवा महिना लागलेला, म्हणजे तिनं खाली यायचा प्रश्नच नव्हता. वर गेलो तर ती मोबाइल पुढे धरून घरभर फिरत होती, विहिरीची जागा शोधत पाणाड्या फिरतो तशी.

फोनवर रेडिएशन मोजणारं कुठलंसं फुकटचं ॲप होतं. त्यावर आकडा दिसत होता ४२ मायक्रोटेस्ला (हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक). त्याच सकाळी तिच्या माहेरच्या ग्रुपवर मेसेज आला होता, की घरात ०.४ मायक्रोटेस्लाच्या वर गेलं तर लहान मुलांना रक्ताचा कर्करोग होतो. आता ०.४ कुठं आणि ४२ कुठं, सरळ शंभरपट! टीव्ही लावला तरी ४२, बंद केला तरी ४२. आणि पाळणा ठेवायचा त्या खोलीतल्या लोखंडी कपाटाला फोन टेकवला की ७८.

"कपाटात तर लाइटचं काहीच नाही, काका. मग यात रेडिएशन शिरलं कुठून?"

प्रश्न झकास होता. तीस वर्षं आयटीआयमध्ये वायरमनच्या पोरांना शिकवलं, पण इतकं मुद्द्याचं विचारणारा वर्षातून एखादाच भेटायचा. तोंडी उत्तर देण्याआधी मी दाराशेजारचा मेन स्विच खाली ओढला. पंखा मंदावत थांबला, फ्रिजची घरघर थांबली. "आता बघ," म्हटलं. आकडा ४२च.

ते ४२ पृथ्वीचे होते. नकाशात आपण कुठल्या दिशेला तोंड करून उभे आहोत हे दाखवायला फोनमध्ये एक होकायंत्र बसवलेलं असतं. फुकटची ॲपं त्याचाच आकडा उचलतात आणि लाल अक्षरांत दाखवतात. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र जागेप्रमाणे २५ ते ६५ मायक्रोटेस्ला असतं. आपल्या भागात ते बेचाळीस-त्रेचाळीसच्या आसपास भरतं. लोखंड जवळ असलं की या क्षेत्राच्या रेषा त्याच्याकडे ओढल्या जातात, त्यामुळे कपाटाजवळ कुठे आकडा फुगतो, कुठे घसरतो. शिवाजी महाराजांच्या काळात याच जागी फोन धरला असता तरी चाळिसाच्या घरातलाच आकडा दिसला असता.

हे क्षेत्र आपल्याकडे अलिबागला रोजच्या रोज नोंदलं जातं, आणि ते तिथे का गेलं याची गोष्ट आपल्या विषयाची आहे. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून ही मोजणी होत होती. पुढे मुंबईतल्या घोड्यांच्या ट्राम विजेवर चालवायचं ठरलं. ट्रामच्या तारांतून आणि रुळांतून वाहणारी वीज नाजूक चुंबकसूचीला हलवणार, साठ वर्षांच्या नोंदींचं मातेरं होणार, हे तेव्हाचे संचालक नानाभाई मूस यांनी ओळखलं. मग समुद्रापलीकडे अलिबागला लोखंड न वापरता नवी वेधशाळा बांधली गेली आणि १९०४ पासून तिथे मोजणी सुरू झाली. दोन्हीकडच्या नोंदी जुळवून पाहण्यासाठी दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग एकाच वेळी चालू ठेवलं. मुंबईत विजेची ट्राम धावली १९०७ मध्ये. विजेवर चालणाऱ्या वस्तू आसपास क्षेत्र निर्माण करतात आणि त्यापासून सुटायचं तर लांब जायचं, ही गोष्ट मूससाहेबांना सव्वाशे वर्षांपूर्वी पक्की ठाऊक होती.

पण पृथ्वीचं क्षेत्र आणि घरच्या विजेचं क्षेत्र यांची सरळ तुलनाही करता येत नाही, कारण पृथ्वीचं क्षेत्र जागच्या जागी स्थिर असतं. घरची वीज सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे होते, तिचं क्षेत्रही तसंच हेलकावतं. हेलकावणारं क्षेत्र शरीरात किंचित विद्युतप्रवाह उठवू शकतं; स्थिर क्षेत्रात शांत बसलेल्या माणसात तसं होत नाही. फोनच्या होकायंत्राला हे हेलकावे धड दिसतही नाहीत. झोपाळा जोरात हलत असला तरी त्याच्या जागेची सरासरी काढली तर तो मधोमध उभा आहे असंच उत्तर येणार. म्हणजे त्या ॲपनं जे मोजायचं होतं ते मोजलं नाही, आणि जे मोजलं त्याची भीती घालायचं कारण नव्हतं.

आता घरातल्या विजेची दोन क्षेत्रं. दोन्ही दाखवणारी हत्यारं प्रत्येक वायरमनच्या पिशवीत असतात.

पहिलं विद्युतक्षेत्र. बटण बंद असलं, काही चालू नसलं, तरी फेजच्या वायरीभोवती ते असतं. नळात पाणी वाहत नसलं तरी दाब असतो ना, तसं. टेस्टर फेजला लावून मागच्या टोपीवर बोट ठेवलं की आतला निऑनचा दिवा लागतो. तो कसा लागतो हे विचारलं की पोरं गप्प व्हायची. तो प्रवाह टेस्टरमधून, तुमच्या बोटातून, तुमच्या अंगातून जमिनीकडे जातो. टेस्टर वापरणाऱ्या प्रत्येकाच्या अंगातून वीज वाहून गेलेली आहे. फक्त ती इतकी किरकोळ, की जाणवतही नाही. रात्री बटण बंद करूनही एलईडीचा बल्ब मिणमिणताना पाहिलाय? बहुतेक वेळा शेजारून जाणाऱ्या फेजच्या वायरीचं विद्युतक्षेत्र बटणानंतरच्या सुट्या वायरीत चिमूटभर वीज उठवत असतं. भुताटकी वगैरे नाही. विद्युतक्षेत्र भिंतीला, झाडाला, आपल्या कातडीलाही अडतं, त्यामुळे आरोग्याच्या चर्चेत त्याचा फार बोलबाला नसतो.

दुसरं चुंबकीय. प्रवाह वाहू लागला की ते उभं राहतं आणि भिंती-विटांना दाद देत नाही. ते दाखवतो टाँग टेस्टर, तो चिमट्यासारखा जबडा असलेला मीटर. वायर न तोडता, नुसता तिच्याभोवती जबडा मिटला की प्रवाह किती ते दिसतं, कारण तो वायरीभोवतीचं चुंबकीय क्षेत्रच मोजत असतो. वर्गात मी गिझर लावून एकट्या फेजच्या वायरीवर जबडा मिटायचो: ९ अँपिअर. मग फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र जबड्यात घ्यायचो: शून्य. पोरांना वाटायचं मीटर बिघडला. एका वायरीतून जाणारी वीज दुसरीतून परत येते, दोघींची क्षेत्रं उलट्या दिशेची, एकमेकींना खाऊन टाकतात. एकट्या वायरीत १० अँपिअर असतील तर मीटरभर अंतरावर २ मायक्रोटेस्ला भरतात. तीच वायर न्यूट्रलला चिकटून गेली तर त्याच ठिकाणी हे क्षेत्र जवळपास ०.०१ वर येतं. म्हणून एक्स्टेन्शन बोर्डाच्या दुपेडी वायरीला घाबरायचं कारण नाही. गंमत उरते ती जिथे वायरीची गुंडाळी असते तिथे: मोटर, ट्रान्सफॉर्मर, चोक.

आणि गुंडाळीचं क्षेत्र अंतराबरोबर फार झपाट्यानं पडतं. अंतर दुप्पट केलं की साधारण आठवा हिस्सा उरतो. केस वाळवायच्या ड्रायरपासून ३ सेंटिमीटरवर ६ ते २००० मायक्रोटेस्लापर्यंत काहीही मिळू शकतं. ३० सेंटिमीटरवर ७ च्या आत. मीटरभर लांब ०.०३ च्या आत. इस्त्री ३ सेंटिमीटरवर ८ ते ३०, फूटभर लांब ०.३ च्या आत. वॉशिंग मशीन चिकटून उभं राहिलं तर ५० पर्यंत, फूटभर लांब ३ पर्यंत. बिचारा फ्रिज, ज्याच्याकडे सगळे संशयानं बघतात, तो अगदी चिकटूनही दोनच्या आत. हे जागतिक आरोग्य संघटना देते ते आकडे आहेत आणि त्यात एकाच प्रकारच्या दोन यंत्रांत शंभरपट फरक पडू शकतो हेही दिसतं. अमुक कंपनीचा मिक्सर सुरक्षित आणि तमुकचा नाही, असली यादी कुणी पाठवली तर ती न वाचलेली बरी.

या आकड्यांना मर्यादा कुठली? किरणांपासून संरक्षणाचा विचार करणारा इक्निर्प नावाचा आंतरराष्ट्रीय आयोग आहे. त्यानं ५० हर्ट्झसाठी, म्हणजे सेकंदाला ५० हेलकावे घेणाऱ्या घरच्या विजेसाठी, सामान्य जनतेची मर्यादा १९९८ मध्ये १०० मायक्रोटेस्ला ठेवली होती, २०१० मध्ये ती २०० केली. मर्यादा वाढवली म्हटल्यावर आपल्या मनात लगेच पाल चुकचुकते, पण मागचं कारण साधं आहे. फार तीव्र क्षेत्रात शरीरात काय होतं हे नक्की माहीत आहे: आधी डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम होऊन डोळ्यांपुढे काजवे चमकतात (फ्रान्सच्या द'आर्सोनव्हालनं हे १८९६ मध्येच पाहिलं होतं), त्याहून वर गेलं की नसा चाळवतात, स्नायू उडतात. मर्यादा या उंबरठ्यांच्या बरीच खाली बांधलेली आहे आणि ती अख्खं शरीर एकसारख्या क्षेत्रात आहे असं धरून. ड्रायरचा मुठीएवढा टापू त्यात वेगळा पडतो. म्हणजे काजवे चमकण्याचा प्रश्न घरात येतच नाही. उरतो तो ०.४ चा.

०.४ कुठून आला?

हा आकडा हवेतला नाही, म्हणून त्याला टाळून पुढे जाता येत नाही.

अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातल्या डेन्व्हर शहरात नॅन्सी वर्थायमर नावाच्या संशोधक बाई ल्युकेमियानं, म्हणजे रक्ताच्या कर्करोगानं, गेलेल्या मुलांच्या पत्त्यांवर गाडीनं फिरत होत्या. काही संसर्ग आहे का हे त्या शोधत होत्या. फिरताना त्यांच्या नजरेत भरलं की यातल्या बऱ्याच घरांजवळ विजेच्या खांबावर ट्रान्सफॉर्मर आहे, आपल्या भाषेत डीपी. एड लीपर या भौतिकशास्त्रज्ञाला बरोबर घेऊन त्यांनी घराजवळच्या तारांची जाडी आणि अंतर यांवरून घरांची वर्गवारी केली आणि १९७९ मध्ये निष्कर्ष छापला: जास्त प्रवाहाच्या तारांजवळच्या मुलांत ल्युकेमिया जास्त. क्षेत्र प्रत्यक्ष कुणी मोजलं नव्हतं. तारा बघून अंदाज बांधला होता.

त्यानंतर वीस वर्षं देशोदेशी अभ्यास झाले. २००० साली स्वीडनच्या अँडर्स आल्बोम आणि सहकाऱ्यांनी त्यातले नऊ अभ्यास एकत्र केले. ०.४ मायक्रोटेस्लाच्या खाली राहणाऱ्या मुलांत धोका वाढलेला दिसला नाही. ०.४ च्या वर, तेही सरासरी, म्हणजे दिवसरात्र घरात तेवढं क्षेत्र असेल तर, ल्युकेमियाचं प्रमाण दुप्पट दिसलं. मेसेजमधला आकडा हाच. पण मेसेजमध्ये पुढचं नव्हतं. ल्युकेमिया झालेल्या ३,२४७ मुलांपैकी ०.४ च्या वर होती फक्त ४४. साधारणपणे शंभरात एकही मूल इतक्या क्षेत्रात राहत नाही. आणि हा आजार मुळात वर्षाला लाखभर मुलांत तीन ते पाच जणांना होतो; 'दुप्पट' म्हणजे याच्या दुप्पट.

मग ते दुप्पट खरं आहे का? माझं मत विचाराल तर मला त्यात तारांपेक्षा माणसांचा घोळ जास्त दिसतो. अशा अभ्यासात निरोगी मुलांच्या घरी जाऊन मोजू द्या म्हणावं लागतं, आणि कोण 'या' म्हणतं, कोण दार लावून घेतं, यात फरक पडतो. रस्त्यालगत, जाड तारांजवळ, भाड्याच्या खोल्यांत राहणारे लोक निरोगी गटात कमी आले, तर आजार तारांजवळ जास्त आहे असा भास होतो. त्याहून बोलका पुरावा इंग्लंडचा आहे. तिथे २००५ मध्ये उच्चदाब वाहिन्यांपासून ६०० मीटरपर्यंत थोडा वाढीव धोका दिसला. पण २०० मीटरच्या पुढे वाहिनीचं क्षेत्र घरातल्या नेहमीच्या क्षेत्रापेक्षाही कमी भरतं, मग ५०० मीटरवरचा धोका चुंबकीय क्षेत्राचा कसा? त्याच गटानं २०१४ मध्ये १९६२ ते २००८ चा काळ तपासला तेव्हा हा धोका दशकागणिक कमी होत नाहीसा झालेला दिसला. वाहिन्यांतला प्रवाह काही या काळात घटला नव्हता. बदलली ती त्या वाहिन्यांजवळ राहणारी वस्ती, असं संशोधकांनाही वाटतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांतूनही ल्युकेमियाला दुजोरा मिळालेला नाही.

तरी जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००२ मध्ये या चुंबकीय क्षेत्राला '२ ब' गटात टाकलं: कर्करोगकारक असण्याची शक्यता आहे. वर्तमानपत्रांत याचा मथळा होतो 'विजेच्या तारांमुळे कर्करोग'. हा गट पुरावा किती भक्कम हे सांगतो, धोका केवढा हे सांगत नाही. २ ब मध्ये कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्क आहे, पूर्व आशियातल्या मुरवलेल्या भाज्याही आहेत (आपल्या कैरीच्या लोणच्यावर बालंट नको). कॉफीसुद्धा पंचवीस वर्षं तिथे होती, २०१६ मध्ये सुटली. आणि ज्याबद्दल शंकाच उरलेली नाही त्या पहिल्या गटात कोण? तंबाखू, दारू आणि सुपारी. आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये गच्चीवरच्या मोबाइल टॉवरविरुद्ध सगळ्यात तावातावानं बोलणारे गृहस्थ मधूनमधून बाहेर जाऊन पिंक टाकून येत होते. मी काही बोललो नाही. शेजारधर्म असतो.

"बरं, इंडक्शनचं काय?"

तिच्या सासूबाईंनी तो प्रश्न केला, कारण नवी शेगडी त्यांनीच आणली होती. हा प्रश्न मला फ्रिज-टीव्हीपेक्षा जास्त योग्य वाटतो.

इंडक्शनच्या काचेखाली तांब्याची चकलीसारखी गुंडाळी असते. तिच्यातली वीज सेकंदाला वीस हजारांहून जास्त वेळा हेलकावते. त्या क्षेत्रामुळे भांड्याच्या लोखंडी बुडात प्रवाह उठतात आणि भांडं स्वतःच तापतं. म्हणजे बाकीच्या यंत्रांत चुंबकीय क्षेत्र हे सांडलवंड असते, इथे तेच मुख्य काम. भांडं गोलाच्या मध्यावर आणि गोल झाकेल एवढं असलं तर क्षेत्र बहुतेक भांड्यातच जिरतं. छोटी तपेली कडेला ठेवून चहा केला तर बाजूनं सांडतं. शिवाय ओट्याची कड नेमकी पोटाच्या उंचीला येते आणि सातव्या महिन्यात पोट कडेला टेकतंच. स्वित्झर्लंडचं सरकारी आरोग्य खातं अशा शेगडीपासून ५ ते १० सेंटिमीटर अंतर ठेवायला सांगतं. तेवढं पुरे. गरोदरपणाबद्दल जागतिक आरोग्य संघटनेचा निष्कर्ष असा, की नेहमीच्या घरगुती क्षेत्रांमुळे गर्भपात, व्यंग किंवा कमी वजनाचं बाळ यांचा धोका वाढत नाही. शेगडी परत करून चुलीकडे वळायचा विचार मात्र कुणी करू नये. चुलीतल्या लाकडाचा धूर कर्करोगाच्या यादीत २ ब च्याही वरच्या पायरीवर, '२ अ' मध्ये आहे.

घरात एक माणूस असा होता ज्याला मी खरंच बजावून सांगितलं: तिचे सासरे. त्यांना पेसमेकर आहे. पेसमेकर हृदयाची नाजूक विद्युत खूण ऐकत बसलेला असतो आणि जवळचं तीव्र क्षेत्र त्याला फसवू शकतं. चालू इंडक्शनपासून दोन फूट लांब राहायचं. मोबाइल शर्टाच्या वरच्या खिशात ठेवायचा नाही, निदान वीतभर अंतर हवं, आणि पेसमेकर डावीकडे असेल तर फोन उजव्या कानाला. हल्लीच्या काही फोनांच्या पाठीत चार्जिंगसाठी लोहचुंबकच बसवलेले असतात, तेही छातीपासून दूर हवेत. आजोबांचा फोन अर्थातच वरच्या खिशात होता.

मायक्रोवेव्ह, वायफाय आणि मोबाइल ही बिरादरी वेगळी. इथे सेकंदाला ५० हेलकावे नसतात, अब्जावधी असतात, आणि लहरी बाहेर निघून प्रवास करतात. 'रेडिएशन' हा शब्द यांना लागू होतो, पण त्या शब्दानं एक्स-रे आणि वायफाय एकाच पोत्यात भरले जातात. एक्स-रेचा एकेक कण रेणूचे बंध तोडण्याएवढा जोरकस असतो. मायक्रोवेव्हचा कण साध्या उजेडाच्या कणापेक्षाही लाखपटींनी दुबळा. नारळावर पोतंभर अक्षता टाकल्या तरी तो फुटत नाही. दगडाचा एक घाव पुरतो. अक्षतांचा ढीग पडला तर जे होतं ते म्हणजे उष्णता, आणि या लहरींचा नक्की माहीत असलेला परिणाम तेवढाच: पेशी तापतात. मर्यादाही तापण्यावरच बांधलेल्या आहेत.

मायक्रोवेव्ह ओव्हनमधली लहर सुमारे १२ सेंटिमीटर लांबीची असते. दाराच्या काचेतली जाळी तिला बाहेर पडू देत नाही, कारण जाळीची भोकं तिच्यापुढे नगण्य आहेत. उजेडाची लहर बारीक म्हणून आतलं दूध उतू जाताना दिसतं. बंद केला की अन्नात काही उरत नाही, दिवा मालवल्यावर खोलीत उजेड उरत नाही तसंच. दार वाकलं, बिजागरी ढिली झाली, कडेला जळाल्याच्या खुणा दिसल्या तर मात्र तो वापरू नये. आत मोबाइल ठेवून रिंग वाजते का बघायची 'परीक्षा' निकामी आहे: फोनला लाखातल्या एका हिश्शाएवढा सिग्नलही पुरतो.

फोनमधून शरीरात शिरणाऱ्या ऊर्जेला भारतात २०१२ पासून मर्यादा १.६ वॅट प्रति किलो आहे. *#०७# दाबलं की बऱ्याच फोनांवर त्या फोनचा आकडा दिसतो. टॉवरसाठीही त्याच वर्षी आपण आंतरराष्ट्रीय मर्यादेचा दहावा हिस्सा स्वीकारला. लोकांना टॉवरची भीती जास्त आणि फोनची कमी, प्रत्यक्षात डोक्यात शिरणारी ऊर्जा जवळपास सगळी कानाला लावलेल्या फोनची असते. आणि टॉवर लांब असला, सिग्नलची एकच दांडी दिसत असली, की फोन जोर लावून ओरडतो. टॉवर हाकलून लावणारी सोसायटी आपल्याच फोनांना जास्त ओरडायला लावते, हे मीटिंगमध्ये सांगून पाहिलं, पटलं नाही. कर्करोग संस्थेनं २०११ मध्ये या लहरींनाही २ ब मध्येच टाकलं होतं. त्यानंतर बरंच पाणी वाहून गेलंय: जागतिक आरोग्य संघटनेनं करवून घेतलेला ६३ अभ्यासांचा आढावा २०२४ मध्ये आला, त्यात मोबाइल आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध सापडला नाही, दहा वर्षांहून जास्त वापरणाऱ्यांतही नाही. फोनच्या पाठीला चिकटवायच्या 'रेडिएशनरोधक' चिपा याच भीतीवर खपतात. त्या एकतर काहीच करत नाहीत, किंवा सिग्नल अडवून फोनला आणखी जोर लावायला भाग पाडतात. २०२० मध्ये राष्ट्रीय कामधेनू आयोगाच्या अध्यक्षांनी शेणाची चिपही दाखवली होती. शेकडो वैज्ञानिकांनी पुरावा मागितला.

काही जणांना वायफायच्या खोलीत खरोखर डोकं दुखतं, झोप लागत नाही. त्यांना हसू नये. पण लहरी चालू आहेत की बंद हे न सांगता केलेल्या ३१ प्रयोगांचा, ७२५ जणांचा आढावा २००५ मध्ये लंडनच्या जेम्स रुबिन यांनी घेतला, तेव्हा त्या लोकांना चालू-बंद ओळखता येतं असा भक्कम पुरावा मिळाला नाही. त्रास खोट्या लहरींतही झाला. २०१३ मध्ये त्यांनीच आणखी एक प्रयोग केला: वायफायच्या धोक्याचा बातमीपट आधी काही जणांना दाखवला आणि मग सगळ्यांपुढे वायफाय लावल्याचं नुसतं नाटक केलं, तर निम्म्याच्या आसपास लोकांना काहीबाही होऊ लागलं. हे वाचल्यापासून असल्या ग्रुपवरचे मेसेज मी उलट्या औषधासारखे बघतो: नुसत्या विश्वासानं आजारी पाडणारे.

एवढं सगळं सांगून झालं तरी सूनबाईंचं समाधान व्हायचं होतं. "पण इथे, या खोलीत, खरा आकडा किती?" खाली जाऊन मी माझा जुना गॉसमीटर आणला, ५० हर्ट्झचं क्षेत्र मोजणारा. हॉलमध्ये ०.०४. कपाटापाशी ०.०३, ७८ वाला राक्षस गायब. पाळण्याच्या जागी मात्र, भिंतीला टेकवला तर १.१. भिंतीपलीकडे पाहिलं: पॅसेजमध्ये इन्व्हर्टर चार्ज होत होता, त्यातल्या ट्रान्सफॉर्मरची करणी. पाळणा दोन फूट आत सरकवला, ०.०८. खर्च शून्य, म्हणून सरकवायला माझी हरकत नव्हती, आणि तिची रात्रीची झोप परत आली हा फायदाच.

निघताना सासूबाई सहज म्हणाल्या, "फ्रिजपाशी पण बघा हो जरा. ओल्या हातानं पुसताना मुंग्या येतात. तेच असेल का, रेडिएशन?"

गॉसमीटर मी खिशात टाकला आणि टेस्टर काढला. फ्रिजच्या मुठीच्या स्क्रूला लावला. निऑन लागला. वाकून मागचा प्लग ओढून पाहिला. तीन पिनांतली वरची जाडी पिन, गळणारी वीज जमिनीत नेणारी अर्थिंगची, कुणीतरी करवतीनं साफ कापलेली होती, जुन्या दोन भोकांच्या सॉकेटात बसावी म्हणून.

"हे कधीपासून असं?"

"घेतल्यापासून," सासूबाई म्हणाल्या. "बारा वर्षं झाली की."